अक्कलदाढेतला फिरोजा

सांगितलं तर कुणाला पटणार नाही, आणि पटलंच तर तो माणूस आमच्या मर्गिलानचा नाही असं खुशाल समजावं. माझ्या दातांवर एक सोयरीक अडली होती. सोयरिकी देण्याघेण्यावर अडतात, मानपानावर अडतात, मुलीच्या मावशीच्या जिभेवर तर हमखास अडतात. पण दातांवर अडलेली सोयरीक अख्ख्या फर्गाना खोऱ्यात माझ्या एकट्याच्या नावावर आहे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आहे, खोऱ्याच्या हद्दी मला पाठ आहेत, म्हणून जबाबदारीने बोलतो.

परवा माझ्या बालमित्राच्या, हैतबोयच्या, नातवाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गाजरं चिरायला बसलो होतो. सकाळच्या पुलावाची गाजरं म्हणजे गाडीभर ढीग. तो एकट्यादुकट्याच्या हातून उपसत नाही. मोहल्ल्यातले सगळे बाप्ये आपापल्या सुऱ्या घेऊन लांबलचक टेबलाला बसतात, हात गाजरावर आणि जीभ मोकळी. पलीकडच्या चौथऱ्यावर बायका कांदे सोलत असतात, त्यांत माझी बायको ओयदिनही होती. नवरीकडच्या एका पाहुण्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "मास्तर, या वयात इतके पांढरे दात? काय खाता?" मी म्हटलं, "शरम." मग सगळं सांगावंच लागलं. तिथे जे सांगितलं तेच इथे लिहितो, पदरचं काही घालत नाही.

तर माझ्या वरच्या दातांची समोरची फळी सोन्याची होती. आमच्या वेळी लग्नाच्या मुलाला सोन्याचे दात नसले तर लोक विचारायचे, घरात काही अडचण आहे का. तेव्हा सोव्हिएत राज्य. दुकानात साबण मिळायची मारामार, तिथे सोनं कुठलं? शिंप्याकडे आपलं कापड न्यावं तसं दंतवैद्याकडे आपलं सोनं न्यायचं. माझ्या आईने पेटीच्या तळातलं, झारच्या काळातलं सोन्याचं नाणं काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "जा, मिर्झो वैद्याकडून दात करून आण. सून बघायला जाऊ तेव्हा तोंड उघडून हस." मी गेलो, दात करून आणले, हसलो. ओयदिनने होकार दिला. दातांचं काम तिथेच संपलं होतं म्हणायचं, पण ते पुढे पस्तीसेक वर्षं तोंडातच राहिले.

त्यातल्या एकदोन दातांचा पिवळेपणा मध्यंतरी विरून आत पांढरं दिसायला लागलं होतं. शाळेतल्या पोरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की केस पिकतात तसं सोनंही वयोमानाप्रमाणे पिकतं. रसायनशास्त्राच्या बाईंनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. माणसं विद्वान झाली की मोकळेपणा जातो.

आमच्या धाकटीचं, नफीसाचं, ताश्कंदच्या मुलाशी जमलं. रीतीप्रमाणे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून नान मोडली, म्हणजे शब्द पक्का झाला. मी आनंदाने हसलो. मुलाची आई दिलोरोम-खानम संगीतशाळेत पियानो शिकवते. तिचे स्वतःचे दातही पियानोच्या पट्ट्यांसारखेच. तिची नजर माझ्या तोंडावर अशी थबकली, जणू मी डोक्यावर टोपीऐवजी पातेलं घालून आलो होतो. बाई सभ्य, काही बोलली नाही. सभ्य माणसांचं न बोलणं फार लांबवर ऐकू जातं.

पाहुणे गेल्यावर नफीसा माझ्याजवळ येऊन बसली. ती जवळ येऊन बसली की मी ओळखतो, माझं काहीतरी चुकलेलं असतं.

"बाबा, लग्नाच्या आत दात बदलून घ्याल?"

"का? चावतात की."

"चावतात हो. पण ताश्कंदात आता कुणी असे ठेवत नाही. व्हिडिओत तुम्ही हसलात की ट्रॅक्टरचा दिवा लागल्यासारखं दिसतं."

"याच दिव्याच्या उजेडात तुझ्या आईने मला पसंत केलंय."

"तिच्या सासूला व्हिडिओ बघायचा नव्हता," नफीसा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मला पहिल्याच दिवशी तिथे हसं व्हायला नकोय, बाबा."

आता बापाने काय करावं? दात काढायचे तर ते हरल्यासारखं दिसू नये, एवढी तजवीज मला करायची होती. दुसऱ्या दिवशी चायखान्यात हैतबोयने हटकलं, "काय मास्तर, ऐकतोय ते खरं? ताश्कंदवाल्यांनी दात पाडायला लावले म्हणे." सगळे हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि तोंडातून निघून गेलं, "लावले नाहीत. मीच काढतोय. माझ्या तोंडचं सोनं वितळवून लेकीला डूल करणार आहे. लग्नात तेच घालून ती सासरी जाईल."

कुणीतरी पेला खाली ठेवला. एका म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवून दुवा मागितली. इतका मान मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता.

पण बोललेलं परत गिळता येत नाही, दात असोत वा नसोत. संध्याकाळपर्यंत डुलांच्या जोडीला अंगठी आली. आठवड्याच्या बाजारात बांगड्या आल्या. बातमी ताश्कंदला पोचेतो हार झाला होता. दिलोरोम-खानमचा फोन आला. आका म्हणजे दादा अशी हाक मारत ती म्हणाली, "आका, एवढा त्रास घेऊ नका, आमच्याकडून कसलीच अपेक्षा नाही." आणि मग, "आमच्या बहिणींना मी सांगून ठेवलंय, किती आनंद झाला सगळ्यांना." नफीसा फोनपाशी उभी होती. लहान असताना मेळ्यात माझ्या खांद्यावरून पाहायची तसं तिने माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून मला झोप लागेना. तारीख मी पुढे ढकलत राहिलो. आज दाढ हुळहुळतेय, उद्या वारा फार आहे. बापाचं काळीज, दुसरं काय कारण असणार?

सोनाराकडे चौकशी केली तर तो म्हणाला, दातांचं सोनं असं घेता येत नाही, कुणाच्या तोंडातलं आहे याचा मोहल्ला समितीचा दाखला लागेल. समितीचा अध्यक्ष हैतबोयच. ज्याच्याबरोबर लहानपणी लोकांची जर्दाळू चोरली त्याच्यासमोर मी टोपी काढून उभा राहिलो.

"अर्ज?" हैतबोय म्हणाला.

"अरे, मी समोर उभा आहे."

"तू उभा आहेस म्हणून काय झालं? उद्या सोनार विचारील, हे दात मयताचे तर नाहीत? नागरिक हयात असल्याचा पुरावा काय?"

"मी बोलतोय ना."

"बोलणं रेडिओपण बोलतो." त्याने चष्मा लावला आणि मोठ्याने म्हणत लिहायला घेतलं, "सदर दात सदर नागरिकाचे असून नागरिक तूर्त हयात आहे..." मग थांबला. "सोन्याचेच आहेत ना? मी सही करतोय, पाहायला हवं." त्याने विजेरी मागवली. समितीच्या कचेरीत मदतीच्या दाखल्यासाठी आलेल्या बायकांच्या समोर मी आ करून बसलो आणि अध्यक्षांनी माझ्या तोंडात डोकावून निर्णय दिला, "पिवळे आहेत." शिक्का बसला. माझ्या तोंडाची सरकारदरबारी नोंद झाली.

दंतवैद्य सुयुन माझाच विद्यार्थी. एकदा नकाशात त्याने अरल समुद्र जागेवर दाखवला नव्हता म्हणून मी त्याला नापास केलं होतं. पुढे समुद्रच जागेवर राहिला नाही, हा माझा दोष नाही. त्याच्याकडे मी एकटा जाणार होतो. पण हैतबोय म्हणाला, सोन्याचं काम आहे, साक्षीदार हवेत. त्यामुळे बाहेरच्या बाकावर समितीचे सभासद, दोन शेजारी आणि चायखान्यातला तो दुवा मागणारा म्हातारा असा सगळा लवाजमा बसला. ओयदिन आत आली, कारण रंग निवडायचा होता.

सुयुनने दाताच्या आकाराच्या तुकड्यांची पट्टी समोर धरली. हा चिनी मातीचा, आत धातू. हा झिर्कोनियाचा, आत धातू नाही, दगडासारखा टिकाऊ. रंग अठरापगड, सगळे पांढरेच, पण एकाचं पांढरं दुसऱ्याला ओळखत नाही. सुयुन म्हणाला, "मास्तर, वयाला जरा पिवळसर शोभतो."

ओयदिनने पट्टी खिडकीशी नेली, पडद्याचं कापड पाहते तशी उलटसुलट पाहिली. दारातून हैतबोयचं डोकं आत आलं. "भट्टीत घालायच्या आधीच्या नानचा रंग घ्या. त्याच्यावर डाग दिसत नाही." बाकावरून कुणीतरी म्हणालं, "न्हाणीघराच्या फरशीचा घ्या, धुवायला सोपा." शेवटी नफीसाने फोनवरून सांगितलं तो झिर्कोनियाचा, सगळ्यात पांढरा ठरला. माझं तोंड, पण मत सगळ्यांचं. याला लोकशाही म्हणतात.

मग सुयुनने ओयदिनला बाहेर पाठवलं, सुई टोचली आणि दातावर चढवलेली पहिली कॅप उभी चिरायला सुरुवात केली. यंत्राचा आवाज एकाएकी बदलला. सुयुन थांबला, भिंगातून पाहिलं, परत थोडं चिरलं. मास्क खाली ओढून तो माझ्या कानाशी वाकला.

"मास्तर, हे सोनं नाही."

जीभ बधिर झालेली. मी भुवया उंचावल्या.

"स्टील आहे. वरून पिवळा मुलामा. त्या काळी पुष्कळ बसवायचे. इथे पाहा ना, झिजून उघडं पडलंय."

मी डोळे मिटून घेतले. सुयुन बिचारा कावराबावरा झाला. "मास्तर, रडू नका, काम चांगलं केलंय बसवणाऱ्याने. एवढी वर्षं टिकलं म्हणजे बघा." मी त्याचा हात धरला आणि बाहेरच्या दाराकडे बोट केलं. तो म्हणाला, "माझ्याकडून काही कळणार नाही. पेशंटच्या तोंडातलं मी बाहेर नेत नाही." शहाणा मुलगा. त्याला उगाच नापास केलं असं त्या दिवशी वाटलं.

त्याने गुलाबी लगद्यात दातांचं माप घेतलं. तो लगदा घशाकडे उतरत असताना मला आयुष्य सरकन डोळ्यांपुढून गेल्यासारखं झालं, आणि त्यात बरंचसं दिसलं नसतं तर बरं झालं असतं. मग पक्के दात तयार होईपर्यंत प्लास्टिकचे तात्पुरते चिकटवले. ते इतके जाड की ओठ मिटेना आणि 'स' म्हणायला गेलं की किटली उकळल्यासारखी शीळ निघे. काढलेल्या कॅप त्याने कापसात गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

मी बाहेर आलो. सगळे उठून उभे राहिले. आत्ताच खरं सांगून मोकळं व्हावं, एवढा शहाणपणा त्या क्षणी मला सुचला. मी म्हणालो, "शोनं नाई."

हैतबोयने कानामागे हात धरला. "काय म्हणतोय?"

"शोनं... नाई."

"सोनं न्या, म्हणतोय," हैतबोयने सगळ्यांना सांगितलं. "असा बाप बघितलात का कुठे? भूल उतरलेली नाही आणि म्हणतोय, सोनं न्या." तो माझ्या मुठीकडे हात करून पुढे आला. मी मूठ छातीशी धरली. "राहू द्या," हैतबोय म्हणाला, "आज रात्रभर ते त्याच्यापाशीच असू द्या." म्हाताऱ्याने दुवा मागितली.

घरी आल्यावर मी कापूस ओयदिनसमोर उघडला. शीळ घालत, थुंकी उडवत तिला सांगितलं की त्या मिर्झोने आपल्याला बुडवलं, आईचं नाणं गिळलं आणि माझ्या तोंडात कढईचा पत्रा बसवला. ओयदिनने तो तुकडा उचलला, नखाने टोकरला, परत ठेवला. मिर्झोला एकही शिवी दिली नाही. मला तेव्हाच ते खटकायला हवं होतं.

"आता काय करणार?" तिने विचारलं.

"ताश्कंदला फोन करून शांगतो."

"नफीसाच्या देखत करा," ती म्हणाली.

मी फोनकडे पाहिलं. फोन होता तिथेच राहिला. ओयदिनने चहाचा पेला बाजूला ठेवला आणि दोन्ही हात कानांकडे नेले. तिचे डूल तिच्या आईचे. सोन्याचे, मध्ये फिरोज्याचा टपोरा निळा खडा. बाळंतपणं झाली, सरकारं बदलली, कानातले डूल हलले नव्हते. ते तिने माझ्या तळहातावर ठेवले. अजून कोमट होते.

"वितळवायचे नाहीत," ती म्हणाली. "असेच द्यायचे."

"अगं, मोहल्ल्यातल्या पोराबाळांना हे डूल ओळखीचे आहेत."

"मोहल्ल्याला जे माहीत असतं ते मोहल्ला ताश्कंदला सांगत नाही." तिने शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन कानांच्या भोकांत ओवला, भोकं बुजू नयेत म्हणून. मी माणूस बोलका. त्या संध्याकाळी मला एक शब्द सुचला नाही, आणि त्याचं खापर मी प्लास्टिकच्या दातांवर फोडलं.

पक्के दात बसले. लख्ख. आरशात पाहिलं तर माझ्या चेहऱ्यावर दुसराच कुणीतरी हसत होता, बहुधा प्रामाणिक माणूस.

लग्न ताश्कंदच्या मोठ्या हॉलात. नफीसाच्या कानांत डूल. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका ओळीने तिला भेटल्या. प्रत्येकीची नजर डुलांवर, मग ओयदिनच्या कानांतल्या काळ्या दोऱ्यावर, मग माझ्यावर. एकीनेही ओठ हलवला नाही. त्यापेक्षा दोनचार जणींनी चार शब्द सुनावले असते तर मला घास गेला असता.

मग सूत्रसंचालकाने माइक घेतला. "लेकराला तोंडचा घास देणारे बाप पुष्कळ पाहिले. पण पाहुणेहो, तोंडचं सोनं देणारा बाप आज आपल्यात बसला आहे. आका, उठा." मी उठलो. नेमक्या त्याच वेळी वाजवणाऱ्यांनी मोठे दिवे घालवून नाचाचे जांभळे दिवे लावले. मी नफीसासाठी, व्हिडिओसाठी तोंड भरून हसलो.

त्या जांभळ्या उजेडात लोकांचे खरे दात चांदण्यासारखे उजळतात, आणि झिर्कोनियाचे अजिबात उजळत नाहीत. सुयुनने नंतर समजावलं. म्हणजे माझ्या तोंडात समोर नुसतं काळं विवर. लोकांना वाटलं बापाने सोन्याबरोबर दातही काढून दिले. कुणीतरी हुंदका दिला, मग टाळ्या सुरू झाल्या, वराकडचे म्हातारे उठून उभे राहिले. पुढच्या टेबलावरून एका आजींनी माझ्या ताटातलं मांस काढून मऊ बटाटा वाढला. तो व्हिडिओ आहे, पाहायचा तर पाहा. ज्या हसण्यासाठी एवढं रामायण केलं, त्यात मी बोळका आहे.

दिवे परत आले तेव्हा दिलोरोम-खानम माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "आका, डूल सुंदर झालेत. पण दातात फिरोजा कुठून आला?"

मी म्हणालो, "ती अक्कलदाढ होती."

तिने मान डोलावली. "दोन्ही बाजूंची?"

"जुळ्या होत्या."

ती हसली नाही. तिने टेबलापलीकडे ओयदिनकडे पाहिलं, कानांतला दोरा तिला दिसला. ती उठली, स्वतः किटली घेतली आणि ओयदिनच्या पेल्यात चहा ओतला. आधी ओयदिनच्या, मग आपल्या बहिणींच्या. दोन्ही हातांनी. विहीणबाई मला एक शब्दही वावगं बोलल्या नाहीत, आजवर नाही. तेव्हापासून मी ताश्कंदला गेलो की पाण्याचा पेला सुद्धा मान वर करून पीत नाही.

इथवर मी सांगत आणलं तेव्हा गाजरांचा ढीग निम्म्यावर आला होता. नवरीकडचा पाहुणा सुरी ठेवून ऐकत होता. मी शेवट करायला घेतला. म्हणालो, "आता तुम्हीच सांगा, यात माझा काय अपराध? अपराध त्या मिर्झो वैद्याचा. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण कयामतीच्या दिवशी मी त्याची कॉलर धरणार आहे. माझ्या आईचं नाणं त्याने घशात घातलं आणि वर माझ्या लेकीच्या लग्नात मला मान खाली घालायला लावली."

"अल्ला त्याला माफ करो," पाहुणा म्हणाला.

पलीकडच्या चौथऱ्यावर ओयदिन कांदा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मिर्झोला उगाच कशाला कयामतीपर्यंत नेता? नाणं त्याच्याकडे गेलंच नव्हतं."

"अगं, तुला काय ठाऊक?"

"मला कसं नसेल?" तिने कांदा परातीत टाकला. "सासूबाईंना मरेपर्यंत वाटत होतं, नाणं तुमच्या तोंडात आहे. आणि मी तुमच्या त्याच नाण्यात बसून या मोहल्ल्यात आले. लाल मोटरसायकल, बाजूला साइडकार. हैतबोय-आकांनीच वरातीपुढे झेंडा धरला होता."